मडक्याजवळ कोण बसणार

बिडी कामगार संघटनेची सेक्रेटरी म्हणजे मोर्चे काढणारी, माइकवर ओरडणारी बाई, असं शहरातल्या माणसांना वाटतं. मी अकरा वर्षं सेक्रेटरी होते. त्या काळात आमचे मोर्चे निघाले चार, आणि त्यातला एक साहेब रजेवर असल्यामुळे बस स्टँडवरूनच परत आला. उरलेला सगळा वेळ मी समाजमंदिरातल्या सतरंजीवर बसून आमच्याच बायांची भांडणं ऐकली, सभासदांचं रजिस्टर लिहिलं आणि बाहेरच्या माणसांना दारातून परत पाठवलं. या शेवटच्या कामात सर्वांत जास्त वेळ गेला. एकदा ते मी केलं नाही. त्याचं काय झालं, ते लिहिते.

आधी आमचा धंदा समजून घ्या. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, कोहमाऱ्याच्या चौकातून सहा किलोमीटर आत. पुरुष धानाच्या शेतात नाहीतर ट्रकवर, बाया घरी. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळतात. ठेकेदार तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा देतो. पानं रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याचा तुकडा वर ठेवून कात्रीने त्याच मापाची कापायची. चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, निमुळत्या टोकाला दोऱ्याचे वेढे द्यायचे आणि रुंद टोक लोखंडी काडीने आत दुमडायचं. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. कट्टे घेऊन ठेकेदाराच्या कारखान्यात जायचं. कारखाना म्हणजे टिनाच्या दोन खोल्या. तिथे मशीन वगैरे काही नाही. तिथे चेकर बसतो. तो कट्टा उघडून बिड्या तपासतो आणि न आवडलेल्या बाजूला टाकतो. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही, आणि छाटलेली बिडी परतही मिळत नाही. ती पुढे कुठे जाते ते विचारलं की सगळे छताकडे बघतात.

आमचा चेकर सदारामभाऊ. आमच्याच गावचा, साठीला आलेला, अबोल. त्याच्या बोटांइतकी हुशार बोटं मी दुसरी पाहिली नाहीत. मूठ उघडली की त्यात पंचवीसच बिड्या असायच्या, चोवीस नाही की सव्वीस नाही. शिवाय त्याला हात ओळखता यायचा. कोण वेढे तीन देते, कोण चार, कोणाची गाठ डावीकडे, कोणाची कात्री पानाचा कोपरा तिरपा सोडते, हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. एकदा भागरथाबाईने आपले म्हणून कट्टे पुढे केले. त्याने एक बिडी उचलली, फिरवली आणि म्हणाला, "हा तुहा हात नोहे. सून माहेरून आली वाटते." सून आदल्या संध्याकाळीच आली होती. आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. ते हसणं लक्षात ठेवा.

संघटना आमची लहान. चार गावांतल्या दोनशेच्या वर बाया. कायद्याने आम्हाला एवढंच सांगितलं आहे की आपली घटना लिहा, तिच्याप्रमाणे चाला, दरवर्षी विवरणपत्र भरा. घटना म्हणजे आमच्याकडे बारा पानांची वही, नंतर छापून घेतलेली. तिच्यात लिहिलं आहे की सभासद कोण, पदाधिकारी कोण आणि संघटनेचा पैसा कशावर खर्च करायचा, हे सर्वसाधारण सभा ठरवेल. वाचायला सोपं आहे. पण दर महिन्याला कोणी ना कोणी ते आमच्यासाठी ठरवायला यायचं.

एक नवरा आला होता. सायकल भिंतीला लावून म्हणाला, माझ्या बायकोचं नाव रजिस्टरमधून काढा. मी विचारलं, तिने सांगितलं का? म्हणाला, मी सांगतो ना. मी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे ठेवलं आणि त्याच्या सहीची जागा दाखव म्हटलं. बराच वेळ शोधलं बिचाऱ्याने. शेवटी म्हणाला, "इथं त तिचाच आंगठा हाय." म्हटलं, मग अंगठा घेऊन ये, आणि अंगठ्याला जोडलेली बाईही घेऊन ये. ती काही आली नाही. पुढल्या मीटिंगला मात्र वेळेवर आली.

एक पुढारी आले होते. पाटी रंगवून देतो, लोखंडी फ्रेमसकट, म्हणाले. वर त्यांचा फोटो आणि खाली आमचं नाव. मी म्हटलं, फोटोतला माणूस वर्गणी भरतो का? त्यांनी लगेच खिशात हात घातला. म्हटलं, वर्गणी बिड्या वळणाऱ्यांकडूनच घेतो, सूप आणू का? ते हसत हसत गेले. पाटी आम्ही आमच्याच हाताने रंगवली. 'कामगार'मधला 'गा' जरा वाकडा झाला आहे, अजून तसाच आहे.

असे लोक परत पाठवणं मला जमायचं. म्हणूनच पुढची चूक मला जास्त लागते.

त्या वर्षी छाट फार वाढली होती. आधी कट्ट्यामागे एखादी बिडी जायची, आता तीन-तीन, चार-चार जाऊ लागल्या. ठेकेदार शिवलालभाऊ कोहमाऱ्याला राहायचा, कंपनीचा माल गोंदियाला पोचवायचा. बोलायला गोड. आम्ही बोलणी मागितली तेव्हा चहा मागवला आणि म्हणाला, "देखो बाई, बात करनेको मैं तय्यार हूँ. पण उद्या दुसरी कोणी येऊन म्हणंल, मीच अध्यक्ष, तर मी कोणाशी बोलू? तुमचं इलेक्शन येतंच आहे. माझा एक माणूस बसू द्या. फक्त बघंल. जी निवडून येईल तिच्यासोबत छाटीचं ठरवून टाकतो."

मला ते बरं वाटलं. मी हिशेबी बाई आहे. माणूस बसला तर बसला, मत तर गुप्तच आहे, त्याच्या बदल्यात ठेकेदार निकाल मानणार. स्वस्तात काम होत होतं.

अध्यक्षपदाला दोघी उभ्या होत्या. एक शेवंता. उंच, काळी, आवाज तलावाच्या पाळीपलीकडे जाईल असा. कारखान्यात छाट टाकली की ती उचलून विचारायची, हिला काय झालं ते दाखव. दुसरी निर्मला. हळू बोलणारी, भांडणापेक्षा समजावून घ्यावं म्हणणारी. ठेकेदाराला निर्मला हवी होती हे उघड होतं. निर्मलाने त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं, आणि हे मला तेव्हा कळलं नाही.

माणूस बसवायची गोष्ट शेवंताला सांगितली तेव्हा ती सुपातून मान वर न करता म्हणाली, "आपल्या घरची सोयरीक ठरून राहिली, आन मधात तो कायले बसंल?"

मी म्हटलं, बघेल आणि जाईल.

"बघाले त येते," ती म्हणाली. "बघूनच त सारं होते."

मी सेक्रेटरी होते, निवडणुकीची व्यवस्था माझ्याकडे होती. मी ठरवलं. माणूस कोण, तर सदारामभाऊ. आपल्याच गावचा, म्हणून मला आणखीच बरं वाटलं.

आता आमच्या मतदानाची पद्धत. पहिल्या निवडणुकीत चिठ्ठ्या छापल्या होत्या. अर्ध्या बायांना वाचता येत नव्हतं, त्या शेजारणीला विचारून शिक्का मारायच्या आणि शेजारीण गावभर सांगायची. म्हणून तेव्हाच्या अध्यक्षबाईंनी युक्ती काढली. पडद्यामागे दोन रीळ ठेवायचे, एका उमेदवाराचा लाल दोरा, दुसरीचा हिरवा. प्रत्येकीने घरून आपलं कापलेलं पान आणायचं, पडद्यामागे त्याची तंबाखूशिवाय रिकामी बिडी वळायची, हव्या त्या रंगाचा दोरा बांधायचा आणि बाहेर येऊन मडक्यात टाकायची. मूठ झाकलेली, मडक्याचं तोंड अरुंद. अर्ध्या मिनिटाचं काम. बायांना ही पद्धत फार आवडायची. पेन धरताना थरथरणारा हात दोरा बांधताना थरथरत नाही.

त्या दिवशी समाजमंदिरात दोनशे सहा बायांनी मतं टाकली. सदारामभाऊ खुर्ची नको म्हणून खाली, मडक्याजवळ बसला होता. मोजायला बसलो तेव्हा आम्ही चौघी गोंधळायला लागलो. एकीचा आकडा एक, दुसरीचा दुसरा. चारदा झालं. तेव्हा मीच म्हटलं, भाऊ, तुम्हीच मोजा, तुमचा हात चालतो. त्याने लाल वेगळ्या केल्या, हिरव्या वेगळ्या केल्या आणि मुठीमुठीने मांडल्या. लाल चार कट्टे आणि वर अकरा. हिरव्या तीन कट्टे आणि वर वीस. शेवंता सोळा मतांनी निवडून आली. बायांनी टाळ्या वाजवल्या. उठताना त्याने विचारलं, "हे नेऊ का? चुलीले होतील." मी दोन्ही ढीग वेगवेगळ्या फडक्यांत बांधून त्याच्या हातात दिले. स्वतःच्या हाताने दिले.

दुसऱ्याच आठवड्यात छाट आणखी वाढली. पण सगळ्यांची नाही. आमच्या गावातल्या चाळीसेक बायांची. एकीची कट्ट्यामागे दोन, तिच्या शेजारणीची सात. एकाच घरात सासूची छाट वाढलेली, सुनेची जशीच्या तशी. बाया माझ्याकडे यायला लागल्या. मी नावं लिहून घेतली. तिसऱ्या दिवशी त्या नावांकडे बघताना लक्षात आलं की या सगळ्या शेवंताच्या बाजूच्या. म्हणजे कोणी तरी नावं पोचवली होती.

मी सरळ निर्मलाच्या घरी गेले. तिची सासू अंगणात धान वाळवत होती, दोन शेजारणी बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी तिला म्हटलं, हरलीस म्हणून ठेकेदाराला यादी दिलीस, लाज वाटायला हवी. निर्मला उंबऱ्यात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "कोनं कोनाले मत देलं हे मले कसं मालूम होईल, बाई?" मी तशीच परत फिरले. चिडलेल्या माणसाला प्रश्न ऐकू येत नाहीत.

दोन दिवसांनी कारखान्यात रांगेत उभी असताना ऐकू आलं. भागरथाबाईची छाट काढता काढता सदारामभाऊ सहज बोलला की आता सुनेचा हात तिच्यासारखाच व्हायला लागला आहे. बाया हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती दोन फडकी आली. दोनशे सहा बायांनी पडद्यामागे लपून दोनशे सहा सह्या केल्या होत्या आणि त्या मी उघड्या डोळ्यांनी चेकरच्या हातात दिल्या होत्या. माझंही मत त्यात होतं. माझ्या गाठीला एक वेढा जास्त असतो.

रांग संपेपर्यंत मी बाजूला थांबले. मग त्याला विचारलं. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "शिवलालभाऊनं दोनी पोतडे टेबलावर ओतले, आन म्हने सांग. माही नोकरी हाय, बाई. जे वळखू आले ते सांगतलो."

"आणि छाट?"

"ते बी सांगतलं तसंच करून राहिलो." मग टाकलेली छाट गोळा करत म्हणाला, "तुमी मले मडक्याजवळ बसवाले नोको होतं."

त्याच आठवड्यात शिवलालभाऊचा निरोप आला. शेवंताने राजीनामा द्यावा, निर्मलाने अध्यक्ष व्हावं, छाट पहिल्यासारखी होईल आणि दिवाळीआधी बोलणीही होतील. निरोप तोंडी होता, पण दिवसभरात चारही गावांत पोचला. काही बाया म्हणू लागल्या की घ्या ना मिटवून, अध्यक्ष कोण याने सुपातली बिडी बदलते का? त्यांना मी दोष देत नाही. सात-सात बिड्या त्यांच्या जात होत्या.

शेवंता संध्याकाळी माझ्याकडे आली, राजीनामा लिहून दे म्हणाली. मी म्हटलं, लिहिते, पण राजीनामा ठेकेदाराकडे जात नाही, सभेकडे जातो. आणि सभा बोलावली.

सभेच्या दिवशी सदारामभाऊ सवयीने दारापर्यंत आला होता. मी दारात उभी राहिले आणि सांगितलं की आजपासून सभासदाशिवाय कोणी आत येणार नाही, तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा. तो बसला. मग मी दार लावून घेतलं आणि आधी माझी चूक सांगितली. फडक्यांची गोष्ट, हाताची गोष्ट, सगळं. निर्मलाकडे बघून सांगितलं की मी तिच्या अंगणात जे बोलले ते खोटं होतं. माफी हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. त्याची खंत अजून आहे.

सभेत गोंगाट झाला. कोणी मला बोललं, कोणी सदारामला. मग शेवंताचा राजीनामा वाचायला घेतला, तेवढ्यात निर्मला उभी राहिली. तिला सभेत बोलताना कोणी फारसं ऐकलं नव्हतं, म्हणून शांतता झाली.

"मी हारलो," ती म्हणाली. "मले तुमी हारवलं. ते मले मंजूर हाय. पर शिवलालभाऊनं मले जितवलं त मी कोनाची अध्यक्ष होईन? तुमची का त्याची? मले त्याची नाई व्हाचं."

एवढं बोलून ती बसली. राजीनामा नामंजूर झाला. हात वर करून, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं.

पण छाटीचं काय? ती तर उद्याही होणार होती. त्यावरची युक्ती शेवंताने काढली. ती म्हणाली, त्याला हात ओळखता येतो ना, मग हातच मिसळून टाकू. दुसऱ्या दिवसापासून आम्ही घरी वळणं बंद केलं. आपापली पानं-तंबाखू घेऊन समाजमंदिरात बसायचो, गोल करून. शंभर बिड्या झाल्या की सूप उजवीकडच्या बाईकडे सरकवायचं. तिने आपलं पुढे सरकवायचं. तीन फेऱ्या झाल्यावरच कट्टे बांधायचे. कट्टे एकाच ढिगात कारखान्यात न्यायचे, मजुरी नंतर आपसात वाटायची; संख्या जिची तिची, बिड्या मात्र सगळ्यांच्या. लाल दोऱ्याच्या बाया आणि हिरव्या दोऱ्याच्या बाया एकाच गोलात. पहिल्या दिवशी कुरबुर झाली, अमकीची बिडी सैल, तमकीची पानं जाड. तिसऱ्या दिवशी सैलवाली घट्ट वळायला लागली, कारण शेजारीण बघत होती.

सदारामभाऊने पहिला कट्टा उघडला, दोन-तीन बिड्या फिरवल्या, दुसरा उघडला. शिवलालभाऊ मागेच उभा होता. सदाराम म्हणाला, "यात चार जनीचे हात हायेत. कोनाची काढू?" शिवलालभाऊ म्हणाला, काढ कोणाच्याही. मग निर्मलाच्या बाजूच्या बायांचीही छाट निघायला लागली. त्या तिथेच बोलायला लागल्या, आणि शेवंतापेक्षा मोठ्याने.

चिडून त्याने पानं देणं बंद केलं. आठ दिवस सुपं भिंतीला टेकून होती. पाचव्या दिवशी दोघीजणी माझ्याकडे येऊन गेल्या, काय करायचं ते लवकर करा म्हणाल्या. मी, शेवंता आणि निर्मला एसटीने गोंदियाला कामगार कार्यालयात गेलो. साहेब तरुण होते, चांगले होते. सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, वादाचं मूळ तर तुमच्या इलेक्शनमध्ये दिसतं. मी निरीक्षक पाठवतो, तो नवीन इलेक्शन घेऊन देईल. झगडाच खतम."

हे ऐकायला ठेकेदाराच्या बोलण्याइतकंच सोपं होतं आणि माणूस त्याच्यापेक्षा भला होता. म्हणून नाही म्हणणं जड गेलं. पण एकदा चटका बसला होता. मी म्हटलं, "साहेब, तक्रार छाटीची आणि पानं बंद केल्याची आहे. तेवढंच लिहून घ्या. निवडणुकीत काय चुकलं ते आमचं आम्ही बघू. निरीक्षक पाठवायचाच असेल तर त्याला ठेकेदाराच्या कारखान्यात पाठवा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तेवढंच लिहून घेतलं. ठेकेदाराला बोलावणं गेलं. तिथे काय झालं माहीत नाही, पण नवव्या दिवशी पानं आली आणि छाट एक-दोनवर आली.

इथे गोष्ट थांबली असती तर शोभून दिसली असती. पण घटनेत लिहिलं होतं की मतदान गुप्त असेल, आणि आमचं गुप्त राहिलं नव्हतं. त्याचा फायदा ठेकेदाराने घेतला म्हणून चूक आमची नव्हती असं होत नाही. मी सभेत तसं मांडलं. बऱ्याच जणी म्हणाल्या, आता कायले उकरून काढता? मलाही वाटत होतं की नको. शेवंता जिंकलेली होती, मला तीच हवी होती, आणि पुन्हा मतदान म्हणजे ठेकेदार म्हणणार की पाहा, माझं ऐकलं. पण पुन्हा मतदान घ्या असा हट्ट शेवंतानेच धरला. "आता मले मत देतीन त दयेनं देतीन, नाई देतीन त धाकानं नाई देतीन," ती म्हणाली. "मले दोनी नोको. छाट खाली आली हाय, धाक सरला हाय. आता घ्या."

या वेळी पानं नाहीत. शेवंताचा चिंचोका, निर्मलाची सीताफळाची बी. बीला कोणाचा हात नसतो. बिया एकाच टोपल्यातून, पडदा जाड, दार बंद, मडक्याजवळ फक्त सभासद. मोजणी आम्हीच केली, तीनदा चुकलो, चौथ्यांदा जमली. चिंचोके शहाण्णव. सीताफळाच्या बिया एकशे सात.

निर्मला निवडून आली.

मी रजिस्टरमध्ये आकडे लिहिले तेव्हा हात जड झाला होता हे कबूल करते. ज्या बाईसाठी एवढं केलं तीच पडली. पण शेवंताने माझ्या हातून पेन घेतलं, हरलेल्या उमेदवाराच्या जागी अंगठा न लावता सही केली, तीही तीन अक्षरं सावकाश काढून, आणि म्हणाली, "तिनं त्या दिवशी बोललन तेच माह्यावर भारी पडलं. चांगलंच बोललन पर."

दुसऱ्या दिवशी शिवलालभाऊने पेढ्यांचा डबा पाठवला, सदारामभाऊच्या हाती. निर्मलाने डबा उघडला, एक पेढा उचलून फिरवला, परत ठेवला आणि झाकण लावून त्याच्याकडे दिला. म्हणाली, सारेच छाटीत टाकले म्हणून सांगजा. सदाराम डबा घेऊन गेला. वाटेत हसत होता, असं बघणाऱ्यांनी सांगितलं.

बोलणी ठरली तेव्हा ती शेवंताला बरोबर घेऊन गेली, मीही होते. शिवलालभाऊ उठून म्हणाला, "आओ निर्मलाबाई, आता बात बनंल. पण ह्या बाईचं इथं काय काम?" निर्मला बसली नाही. तिच्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "संघटनेकडून कोन येईल ते संघटना ठरवते. आमी जातो." आणि वळली. आम्ही तिघी पायरी उतरेपर्यंत त्याने वाट पाहिली. मग बसा म्हणाला.

जे ठरलं ते आजही चालतं. तपासणी बाईच्या समोर. छाटलेली बिडी तिच्यासमोर मोडायची. मोडायची म्हटल्यावर छाट आपोआप कमी झाली, कारण मोडलेली बिडी पुढे कुठे जात नाही.

आता धंदा उतरला आहे. तरुण मुली देवरी-गोंदियाला दुकानांत जातात, पाठ मोडून घ्यायला कोणी तयार नाही, आणि ते बरंच आहे. सभासद निम्मे राहिले. माझे मणके गेले, डॉक्टरांनी मांडी घालून बसायला मनाई केली. दोन वर्षांपूर्वी मी सभासदाचं कार्ड परत केलं आणि सेक्रेटरीपद सोडलं. नवी सेक्रेटरी भागरथाबाईची सून आहे. चार वेढे देते, गाठ डावीकडे.

यंदा निवडणूक होती. मी सवयीने चष्मा घेऊन वेळेवर समाजमंदिरात गेले. मोजताना चुकतात, जरा मदत करू म्हटलं. सून दारात उभी होती. तिने पदर सावरला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं कार्ड त नाई आता. बाहेर बसा. पानी पाठवतो."

मी काही बोलणार होते. मग चष्मा परत पिशवीत ठेवला. तो नियम माझ्याच अक्षरात लिहिलेला आहे.

बाहेरच्या बाकावर सदारामभाऊ बसलेला होता. त्याचंही काम सुटलं आहे, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण मतदानाच्या दिवशी येऊन बसतो. त्याने सरकून जागा दिली. आतून मडक्यात बिया पडल्याचा आवाज येत होता, टक, टक, मध्येच थांबून पुन्हा टक. पाणी आलं. आम्ही दोघांनी प्यायलं.

"कोन येईल वाटते?" त्याने विचारलं.

"मले काय मालूम," मी म्हटलं. "मी त बाहेरची आहो."